डोमाभाऊंचं घोरणं

चहा गाळा, बिस्किटं काढा, काय हवं ते करा. फक्त मला कुणाच्या कामाबद्दल मत विचारू नका. एकदा दिलं होतं. त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाच्या पुढे, तलावाकाठच्या एका धीवरांच्या गावात मी मास्तर होतो. बायको सुमन चंद्रपूरला दवाखान्यात नर्स, तान्ही पोरगी तिच्याजवळ. शनिवारी एसटीने मी घरी पोचलो की पोरगी मला परका समजून भोकाड पसरायची. फार लागायचं हो मनाला. म्हणून चंद्रपूरला बदली मागितली होती. साहेबांनी होही म्हटलं होतं, फक्त हुकूम हातात यायचा होता.

गावात मासोळी भरपूर आणि भांडणंही भरपूर. ती मिटवायला एक पंच, डोमाभाऊ. आता तिथली रीत ऐका. वर्षाची मासोळी वाटून झाली की सगळं गाव तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमायचं आणि हात वर करून ठरवायचं, हा पंच ठेवायचा की काढायचा. पण त्याआधी, ज्याचा तलावात वाटा नाही अशा एका बाहेरच्या माणसाने उभं राहून सांगायचं, पंचाने वर्षभर काम कसं केलं. पंचाला अट एकच, रात्रीचं गाव सोडायचं नाही. भांडण काय वेळ सांगून येतं? डोमाभाऊंची लेक बल्लारपूरला दिलेली, पण तिच्या घरी ते एक रात्रही राहिले नव्हते.

त्या वर्षी बाहेरचा माणूस म्हणून गावाने मला नेमलं. झालं, चढलो मी हरभऱ्याच्या झाडावर. प्रत्येक भांडणाला जाऊन बसायला लागलो.

आणि काय बघतो? पंच झोपतात! पारबताबाई म्हणजे गावातली सगळ्यात जुनी बाई. शेजाऱ्याच्या बकरीने तिचं वाळत घातलेलं जाळं फाडलं होतं. ती तावातावाने सांगते आहे आणि डोमाभाऊ भिंतीला टेकून घोरत आहेत. जागे झाले तर म्हणाले, "कोणाची म्हैस?"

"म्हैस नाई, बकरी!" पारबताबाई ओरडली.

"उद्या पाहू," म्हणून पुन्हा डोळे मिटले. मधेच एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बिचाऱ्याला लाज वाटली असेल.

सभेच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पंच झोपतात, विसरतात, निकाल लांबवतात. आजवर प्रत्येक जण 'चांगले आहेत' म्हणून चहा पिऊन गेला होता.

पारबताबाईने विचारलं, "मास्तर, डोयानं पाह्यलं?"

"माझ्या डोळ्यांनी."

हात वर झाले आणि डोमाभाऊंची पंचकी गेली. मला वाईट वाटलं. समजूत घालायला जवळ गेलो, तर त्यांनी मला कडकडून मिठी मारली.

"लई उपकार झाले मास्तर. किती वर्स झाले, कोणी सोडूनच नाई राह्यलं होतं मले. यंदा तुम्ही दिसले. म्हटलं, हा माणूस खरं बोलन. मंग तुम्ही बसले का मी घोरो."

"म्हणजे तुम्ही जागे होता?"

"टक्क जागा."

पण खरा धक्का पुढेच होता.

"मंग आता पंच कोण?" पारबताबाईने विचारलं आणि उत्तरही तिनेच दिलं. "मास्तरलेच बसवा. ना याचा तलावात वाटा, ना गावात सोयरा. अन् नजर कशी बारीक आहे पाहा."

मी तोंड उघडेपर्यंत सगळ्या गावाचे हात वर.

"अहो, माझी बदली होते आहे!"

"कुठी?"

"चंद्रपूरला."

"पंचाले गाव सोडता येत नाई," डोमाभाऊंनी मला प्रेमाने समजावलं.

दुसऱ्याच दिवशी अर्धं गाव एसटीत बसून साहेबांकडे गेलं. पुढे कोण? डोमाभाऊ. असा मास्तर आमच्यापासून नेऊ नका म्हणाले. साहेबांचे डोळे भरून आले म्हणे. बदली रद्द झाली आणि साहेबांनी वर माझं अभिनंदन केलं. डोमाभाऊ तिथूनच लेकीकडे बल्लारपूरला निघून गेले.

सुमनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

विचारलंच तर होतं.

आता माझं शनिवारी घरी जाणंही बंद. पोरीला काखेत घेऊन तीच एसटीने यायला लागली.

पुढल्या वर्षी शाळेत दुसरे मास्तर आले. तरुण, सडेतोड, खोट काढण्यात पटाईत. गावाने त्यांना बाहेरचा माणूस नेमलं आणि मला देव भेटला. ते येऊन बसले की मी भिंतीला टेकायचो, एक डोळा किलकिला करून ते बघताहेत याची खात्री करायचो आणि छप्पर हलेल असा घोरायचो. सुमनने तर माझं सामानही बांधायला घेतलं होतं.

सभेला नवे मास्तर उभे राहिले. म्हणाले, "गुरुजींसारखा पंच मी पाहिला नाही. लोक बोलत असतात आणि ते डोळे मिटून खोल विचार करत असतात. त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

सगळ्या गावाचे हात वर. बल्लारपूरहून मुद्दाम आलेल्या डोमाभाऊंचे तर दोन्ही.