नसलेला चेंडू

अमरावतीच्या मैदानावर सकाळी फिरायला गेलो की ते दिसतात. नाव मी कधी विचारलं नाही. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, हातात बेसबॉलची बॅट. धुक्यात ते नुसती बॅट फिरवतात, बोटानं दिशा दाखवतात आणि शाळेच्या मुली नसलेल्या चेंडूमागे धावत सुटतात. मला वाटलं, शाळेकडे चेंडू नसतील.

"बॉल देल्ला का पोट्ट्या बॉलच पाह्यतात," मी विचारल्यावर ते म्हणाले. "जागा कोन पाह्यन?"

एका सकाळी असाच सराव चालू होता; दुसऱ्या दिवशी अकोल्याला मॅच होती. त्यांनी डावीकडे बोट केलं, पण मधली मुलगी हललीच नाही.

"काहून उभी राह्यली?"

"सर, बॉल तर तिच्याकडं गेला."

"तिचाच हाय तो. पन आपल्या मांगं कोनी धावून राह्यलं, हे तिले समजलं पायजे."

पुन्हा बॅट फिरली. डावीकडच्या मुलीनं आभाळाकडे पाहत ग्लोव्ह उंचावला, क्षणभर थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, सुटला."

कोणी हसलं नाही. मधली तिच्या मागे पोचलेलीच होती. तिनं ओल्या गवतातून काहीतरी उचललं आणि सरांकडे जोरात फेकलं.

सरांच्या मागे बाकावर बसलेला मी पटकन खाली वाकलो.