दुधाचा शब्द

आधीच सांगते, भूतखेत, करणी, झपाटणं यातलं मी काहीही मानत नाही. मानणार तरी कशी? पवना धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर मी काम करते. शनिवारी मुंबई-पुण्याचं पब्लिक येतं आणि शेकोटी पेटली की हमखास विचारतं, "मॅडम, इथे हॉन्टेड काही आहे का?" मग आमचा एक वेटर त्यांना घाटातल्या वळणावरची पांढऱ्या साडीतली बाई सांगतो. ती बाई त्याने माझ्यासमोर, चहा पिता पिता तयार केलेली आहे. सुरुवातीला ती लाल साडीत होती, पण लाल साडीला कुणी घाबरेना. त्यामुळे या ग्रुपवरचे अनुभव मी टाइमपास म्हणून वाचते आणि बऱ्याचदा हसतेही. राग मानू नका.

पण एक गोष्ट माझ्या बाबतीत घडली आहे. घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेली नाही. मनात ठेवून ठेवून जीव थकला, म्हणून आज लिहिते आहे.

माझं सासर कामशेतचं. नवरा सचिन भाताच्या गिरणीवर असतो. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई — त्यांना मी आत्या म्हणते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला दिवस राहिले, आणि गंमत म्हणजे त्याच सुमारास आमच्या रिसॉर्टच्या हाउसकीपिंगमधल्या कमळलाही. कमळ वरच्या वाडीची. रोज डोंगर उतरून कामाला यायची, चादरी बदलायची, संध्याकाळी परत चढून जायची. तिचं हे तिसरं. आमच्यातली तिसरी पोटुशी म्हणजे रूपाली, माझी शाळेतली मैत्रीण. ती तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावात दिलेली, नवरा तिकडेच कंपनीत. तिचे दिवस आमच्या मागून होते.

आमची तिघींची चांगलीच गट्टी जमली. रूपाली रोज सकाळी मेसेज करून लोहाच्या गोळ्यांची आठवण करायची, अगदी वैताग यायचा. दुपारच्या सुट्टीत धुतलेल्या चादरींच्या खोलीत कमळ माझे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळायची. मी म्हणायचे, "अगं, तुझेही पाय सुजलेत." ती म्हणायची, "माजं पाय चढाव चढून मोकळं व्हत्यात. तू दिसभर खुर्चीत बसती, म्हशीवानी."

घरीच बाळंत व्हायचं, हे खूळ आधी माझ्या डोक्यात शिरलं. मोठ्या बहिणीचं बाळंतपण दवाखान्यात एकटीने कसं झालं ते मी ऐकलेलं होतं, आणि व्हिडिओ बघून बघून मी तयारच झाले होते. कमळची आधीची दोन्ही मुलं तर वाडीतच, सासूच्या हातून झालेली. कामशेतमधल्या एक रिटायर्ड नर्सबाई आम्हाला तपासायच्या. त्यांनी बजावलं होतं — सगळं नीट असेल तरच, आणि गाडी दारात उभी पाहिजे. आम्ही तिघींनी ठरवलं, जिची वेळ येईल तिच्याजवळ बाकीच्या दोघी जाऊन बसतील. कमळ आम्हाला शिकवायची, कळ आली की किंचाळायचं नाही, खालच्या आवाजात हुंकारायचं. रूपाली ते करून दाखवायची आणि आम्ही हसून हसून पोट धरायचो.

आमचं डोहाळजेवण आमच्या घरी एकत्रच झालं. हिरव्या बांगड्या, ओटी, झाकलेल्या वाट्या, सगळं रीतसर. मी वाटी उघडली तर बर्फी निघाली, म्हणजे मुलगी. कमळचीही बर्फी. जेवणं झाल्यावर कमळ म्हणाली, "बाकी समदं ठरलं, पर दुधाचं ठरवून ठिवा."

"दुधाचं काय?" रूपालीने विचारलं.

"आमच्यात कुनाच्या अंगावं दूध न्हाई आलं, न्हाईतर एकादी आजारी पडली, तर दुसरी तिच्या लेकराला पदराखाली घेती. तवा आपुन कुनी कुनाला न्हाई म्हनायचं न्हाई. सबूद द्या."

आम्ही दिला शब्द. रूपाली तर म्हणाली, "मी डेअरीच काढते." आत्यांनी तिला दटावलं.

नववा लागला आणि एका तपासणीला नर्सबाईंना बाळाचे ठोके सापडेनात. त्यांनी मला या कुशीवर वळवलं, त्या कुशीवर वळवलं, पाणी प्यायला दिलं, परत ऐकलं. मग त्यांनी सचिनला आत बोलावलं. तळेगावला दवाखान्यात नेलं. सगळं आधीच संपलेलं होतं, तरी बाळंत व्हावंच लागतं... त्या कळा मी कशासाठी दिल्या, ते देवालाच ठाऊक. मुलगी होती.

मला तिला बघू दिलं नाही. "बघू नगं पोरी, वढ लागती," असं म्हणून आत्यांनी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. त्यांचा हात ओला होता. सचिन आणि माझे चुलतदीर तिला घेऊन गेले. कुठे ठेवलं ते आमच्यात आईला सांगत नाहीत. आजही विषय काढला की सचिन उठून बाहेर जातो. गावात मात्र सगळ्यांना कारण सापडलं होतं, घरी बाळंत व्हायला निघाली होती ना! खरं तर घरी काही झालंच नव्हतं. पण ते ऐकून कोण घेणार.

मग दूध आलं. बाळ नाही, हे अंगाला कोण समजावणार? छाती दगडासारखी झाली, ताप भरला. आत्या मोगऱ्याच्या कळ्या आणून छातीवर बांधायच्या. दूध आटतं म्हणतात त्याने. पिळून काढलेलं दूध पायदळी येऊ नये म्हणून त्या वाटी घेऊन अंगणातल्या आंब्याच्या मुळाशी ओतून यायच्या. हळूहळू आटलं. मोगऱ्याचा वास मला अजून सहन होत नाही.

कमळला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं सगळ्यांचं ठरलं होतं. पोटुशीला असलं सांगत नाहीत. तिला सांगितलं, अश्विनी, म्हणजे मी, माहेरी गेलीय. रूपालीला तिच्या सासूने आमच्याकडे फिरकू दिलं नाही. आणि ओल्या बाळंतिणीने मोबाईल बघू नये म्हणून माझा फोन आत्यांनी कपाटात ठेवला होता. मीही मागितला नाही. कुणाशी बोलायचं होतं?

त्या दुपारी मी मागच्या अंगणात, आंब्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. लख्ख ऊन. आत्या पुढच्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. समोर धुण्याच्या दगडाजवळ कमळ उभी होती. कधी आली ते कळलं नाही, पण मागच्या फाटकातून ती नेहमीच न वाजवता यायची. अंगावर तिची जांभळी साडी. मी पहिलं बघितलं ते तिचं पोट. पोट उतरलेलं होतं. माझ्या काळजात काय झालं ते खरं सांगते... मला तिचा हेवा वाटला. इतका, की तिच्याकडे बघवेना.

"ये गं, बस," मी म्हणाले. "चहा टाकायला सांगू?"

"नगं," ती म्हणाली. "ताई, माजी पोरगी उपाशी हाय. बोळ्यानं पाजत्यात, ती वकून टाकती. तू चल."

मला रडूच आलं. म्हटलं हिला काहीच माहीत नाही, आता मलाच सांगावं लागणार. "कमळ, अगं माझं बाळ..."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. अगदी शांतपणे. मग म्हणाली, "वाडीला जाऊ नगंस. शिरगावला, माज्या आयकडं हाय ती. आज सकाळी नेली."

मी म्हणाले, "अगं पण माझं दूध आटलंय." असं म्हणताना खाली बघितलं, तर गाऊन पुढून भिजलेला होता. दोन्ही बाजूंनी. मी पदरासारखी ओढणी पुढे घेतली, वर बघितलं, तर कमळ नव्हती. मला वाटलं, घाईत असेल, निघाली पुढे.

मी पुढच्या ओटीवर जाऊन आत्यांना म्हणाले, "कमळ आली होती. तिच्या मुलीला पाजायला जायचंय. तिला बहुतेक दूध नाहीये."

आत्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ सगळीकडे झाले. त्यांनी मला हाताला धरून जवळ बसवलं.

"कमळ गेली गं पोरी," त्या म्हणाल्या. "बाळात झाली आन रगत थांबलंच न्हाई. झोळीत घालून खाली आनली, पर गाडीपतुर न्हाई पोचली. तुला कसं सांगायचं व्हतं आमी..."

मी त्यांना म्हणाले, "काहीतरीच काय, आत्ता बोलले मी तिच्याशी." आणि ओला गाऊन दाखवला. आत्यांनी तो हाताने चाचपून बघितला. पुढे मला वाटलं होतं, त्या म्हणतील, बाळंतिणीने घराबाहेर पडू नये, किंवा लोक काय म्हणतील, कुठल्या घरचं लेकरू. त्या उठल्या, सचिनला फोन लावला आणि डोक्यावर पदर घेत म्हणाल्या, "थांब, मी बी येते."

सचिनने गाडी डोंगराच्या रस्त्याला वळवली. मी म्हणाले, "वाडीला नाही, शिरगावला." तो म्हणाला, पोर वाडीतच आहे, कालच त्याला गिरणीवर कुणीतरी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. कमळची आई शिरगावला साईबाबांच्या मंदिराबाहेर हार विकते, एवढं मला कमळकडून माहीत होतं. विचारत विचारत मंदिरामागची खोली सापडली. दारातूनच रडणं ऐकू आलं. भुकेलं मूल आधी जोरात रडतं. हे त्याच्या पुढचं रडणं होतं, अगदी बारीक.

कमळची आई आम्हाला बघून चकित झाली. "तुमाला कुनी सांगितलं? सकाळीच आनलीया. अजून शेजारनीला बी ठावं न्हाई."

मी म्हणाले, "कमळने."

मला वाटलं, म्हातारी घाबरेल किंवा मला वेडी ठरवेल. तिने पोरीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "मंजी तुज्याकडं आली व्हय. माज्याकडं न्हाई आली." आणि तिने मूल उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

मुलगी इतकी हलकी होती की मला आधी धरताच येईना. दोनदा तोंड फिरवलं तिने. मग लागली प्यायला. त्या खोलीत आम्ही तिघी बायका होतो. मी रडत होते. कमळसाठी रडत होते का माझ्या मुलीसाठी, ते मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही. माझ्या लेकीच्या वाटणीचं दूध ही पीत होती आणि मला ते बरं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

मुलगी वाचली. आरोही नाव ठेवलं तिच्या आजीने. पेज-भात खायला लागेपर्यंत ती आमच्याकडे कामशेतलाच होती, नंतर आजी घेऊन गेली. न्यायलाच हवी होती, तिची नात होती ती. ज्या दिवशी नेली त्या दिवशी मी पुन्हा एकदा बाळ गमावलं, पण तेव्हा तसं म्हणायचीही सोय नव्हती. रूपाली वेळ आल्यावर सरळ दवाखान्यात गेली, तिला मुलगा झाला. आरोही आता अंगणवाडीत जाते. मला अश्विनीमावशी म्हणते, आणि मी गेले की माझ्या पर्समध्ये हात घालून खाऊ शोधते.

आता स्पष्टीकरणाचं. डॉक्टर म्हणाल्या, आटलेलं दूध परत येऊ शकतं, त्यात चमत्कार काही नाही. बरं. सचिन म्हणतो, घरात दबक्या आवाजात कमळबद्दल बोलणं चालायचं, ते तुझ्या कानावर पडलं असेल आणि बाकीचं मनाने रचलं. तेही बरं. शिरगावचं कसं कळलं, यावर तो म्हणतो योगायोग. मी भांडत नाही. मी अजूनही भुतं मानत नाही, आणि रिसॉर्टवर कुणी विचारलं तर सांगते, इथे असलं काही नाही.

मला अडतं ते एकाच ठिकाणी. "ठावं हाय मला," असं ती म्हणाली. मी तिच्या नवऱ्याला विचारलं, सासूला विचारलं, आईला विचारलं. तिला जिवंतपणी कुणीही सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत ती हेच म्हणत होती की अश्विनीताई माहेराहून आली की तिला बोलवा. मग तिला कळलं कुठे? माझ्या मुलीची गाठ पडल्याशिवाय कसं कळलं?

ती माझ्यासमोर उभी होती, दिवसाढवळ्या, चार हातांच्या अंतरावर. आणि ती कुठून आली आहे हेच मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी बाकी काही बोलले नसते. माझ्या मुलीचा चेहरा कसा आहे, एवढं विचारलं असतं. आणि तिकडे तिला कुणी जवळ घेतलंय का.