मीनाताईंचे नकाशे

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही, पत्नीलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतो आहे — मला नीट उमगत नाही.

संस्कृतचे अध्यापन सोडून, चाळिशी उलटल्यावर, मी संगणकाच्या कामात शिरलो. वेल्समधल्या कार्डिफच्या एका अभिलेखागारात लागलो; तिथे मीनाताई जुने नकाशे स्कॅन करीत. माझ्याहून वयाने मोठ्या, कंत्राटावर असलेल्या, कायम होण्याच्या आशेवर. मला काम त्यांनीच शिकवले — मनापासून, पण चारचौघांत. "अहो पंडित, बटणाचा अर्थ नका लावत बसू, दाबा." मग तेच इंग्रजीतून, इतरांसाठी. सगळे हसत. मीही हसे. ते मला किती लागे, हे त्यांना कसे कळावे?

आमचा प्रोग्रॅम स्कॅन केलेली चित्रे उघडण्यासाठी एक तयार लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला आयता कोड, वापरे. एका सोमवारी मी तिची नवी आवृत्ती बसवली. नियम असा, की आधी सर्वांत मोठा नकाशा उघडून पाहायचा. त्याला फार वेळ लागे. मी त्याऐवजी पोस्टकार्डांची चार छोटी स्कॅन उघडून पाहिली. दुसऱ्या दिवशी मीनाताईंचा एकही मोठा नकाशा उघडेना.

दोष नव्या आवृत्तीचा, म्हणजे माझा आहे, हे मला तासाभरात कळले. साहेबांना मात्र वाटले, स्कॅनिंगच बिघडले. त्यांनी मला खराब फाइली पुसायला सांगितल्या आणि ताईंना सगळे पुन्हा स्कॅन करायला.

मी भ्यालो होतो, असे म्हणू? ते खरे आहे — पण पुरते नाही. साहेब जेवायला गेल्यावर मी गुपचूप जुनी आवृत्ती परत बसवली. एक नकाशा उघडला. गावांची बारीक नावेसुद्धा स्वच्छ दिसत होती. मग मी सगळे पुसले. नवे स्कॅन अर्थातच उघडले. म्हणजे आधीचे खराब होते, हे सिद्धच झाले.

ताई माझ्या टेबलापाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगा, माझाच हात चुकला का?"

"हो, ताई," मी म्हणालो. "वयानं होतं असं."

त्या आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. आणि मला — हेच सांगायचे होते — मला बरे वाटले.

त्यांचे कंत्राट वाढले नाही. शेवटच्या दिवशी, सर्वांना कळावे म्हणून इंग्रजीतून, त्यांनी आपल्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल माझी क्षमा मागितली. मी त्यांना क्षमा केली.