ठेवू का गं?

बाबांचं अख्खं आयुष्य आनंदनगरच्या एका कारखान्यात गेलं. तिथल्या आगीबद्दल ते घरात कधी बोलले नव्हते. माझ्या पॉडकास्टसाठी मात्र बोलले, तेही फोनवर. मी बदलापूरला, ते अंबरनाथला.

एडिटिंग माझा मित्र करतो. सुरुवातीलाच ऐकणाऱ्याची कॉलर धरायची आणि शेवट दणक्यात करायचा, हे त्याचं शास्त्र. त्यामुळे बाबांचं "जेवलीस का?" उडालं आणि एपिसोड थेट "आतून ओरडणं ऐकू येत होतं" इथून सुरू झाला.

शेवटी बाबा म्हणाले होते, "आमचा फिटर आत गेला, तो परत आलाच नाही." मग बराच वेळ गप्प. मग हळूच, "ठेवू का गं?" मी "ठेवा" म्हटल्याशिवाय ते कधीच फोन ठेवत नसत. मित्राने ते गप्प राहणं कापलं, "ठेवू का गं?" कापलं आणि वर धाडधाड म्युझिक चढवलं. मला न विचारता अपलोडही केलं. मी भडकले, तर म्हणतो, "अगं, शेवट कसला कडक झालाय! लोक रडतायत."

बाबांनी ऐकून विचारलं, "मी असा मध्येच फोन ठेवला?"

"नाही हो बाबा, त्याने कापलं ते."

"कापलं म्हणजे नकोच असेल," ते म्हणाले.

आता बोलणं संपलं की बाबा सरळ फोन ठेवतात. माझं "ठेवा" तोंडातच राहतं.