कॉर्सेटवाल्या काकू

"लाजायचं काय त्यात? कापडच आहे!" असं म्हणत काकू सव्वाशे वर्षांपूर्वीचं, बायकांची कंबर आवळणारं कॉर्सेट टेबलावर पसरायच्या, आणि बघायला आलेले पुरुष छताकडे बघू लागायचे. तुम्ही तिथे असता, तर तुम्हीही हसला असता.

बर्मिंगहॅममधल्या एका छोट्या म्युझियममध्ये मी दर शनिवारी व्हॉलंटियर म्हणून जायचे. काकू तिथे जुने कपडे दुरुस्त करायच्या. आयुष्यभर इथल्याच फॅक्टरीत शिलाई मशीन चालवून रिटायर झालेल्या.

शाळेच्या मुली आल्या की काकूंना जोर चढायचा. "ह्या स्टीलच्या पट्ट्या. ह्या घालून वाकून दाखवा! मग पहिलं महायुद्ध आलं, बायका फॅक्टरीत गेल्या. मशीनपुढे हे कसलं चालतंय?" मग दोन रुमाल जोडल्यासारखी एक जुनी ब्रा अलगद उचलायच्या. मला हळूच मराठीत सांगायच्या, "आमची आई हिला बॉडी म्हणायची."

एकदा मी त्यांच्या घरी गेले, तर बागेतल्या दोरीवरचा टॉवेल वाऱ्याने उडाला. त्याखाली त्यांचे आतले कपडे वाळत होते. काकू धावतच आल्या.

"काकू, कापडच आहे!"

"ते म्युझियममधलं गं!" म्हणाल्या, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पुढच्याच शनिवारी टाके घालता घालता त्यांनी विचारलं, "अगं, तुझ्या ओळखीत कुणी लेडी डॉक्टर आहे का?"

"तुमच्या जीपीच्या दवाखान्यात फोन करून सांगा ना, लेडी डॉक्टर देतात ते." मी मोबाइलवर ऑफिसचा मेल वाचत होते. कशासाठी, एवढंही मी विचारलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या.

फोन त्यांनी केलाच नाही. रिसेप्शनवर कारण सांगावं लागेल, म्हणून. दंड दुखून हात वर होईना, तेव्हा मुलाने हॉस्पिटलमध्ये नेलं. छातीतली गाठ तोवर पसरली होती.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेले. "काकू, मी तेव्हा विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं."

हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर त्या दोनच महिने होत्या.

भेटीच्या त्या दिवशी नर्सने दिलेली, ऑपरेशन झालेल्या बाजूला मऊ गादी असलेली ब्रा त्यांना घालायची होती. हात मागे जात नव्हता. मुलगा खोलीबाहेर गेल्याची खात्री करून त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मी एकेक हुक लावला. काकूंनी काखेखालची शिवण बोटाने चाचपली.

"शिवलीय मात्र छान," म्हणाल्या.