शेंदराखालचा रंग

चमकणाऱ्या वस्तूवर माझा भरवसा बसत नाही. रिसोडच्या एका डाळमिलमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. जुनी, काळपट पडलेली तुरीची डाळ तेल-पाण्याचा हात दिला की कशी ताजी दिसायला लागते, हे मी रोज पाहिलंय. खरं सांगायचं तर तो हात पुष्कळदा माझाच असायचा. त्यामुळे कुणी माल पुढे करून 'चमक पाहा' म्हणालं, की मी आधी त्या माणसाचं तोंड पाहतो.

निवृत्तीनंतर गाडी घेतली. गडद निळी. पहिल्या दसऱ्याला बायकोनं बोनेटवर स्वस्तिक काढलं. कुंकू वाऱ्यानं उडून जातं, म्हणून तिनं तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि बोटानं चांगल्या जाड रेघा ओढल्या. आमच्या घरी दसऱ्याचं स्वस्तिक पुसत नाहीत. ते आपणहून जाईल तेव्हा जातं. हे काही जाईना. मी रोज सकाळी बोरिंगचं पाणी मारून, फडकं घेऊन गाडी लख्ख करायचो, पण त्या रेघांना फडकं लागू द्यायचो नाही. होळीच्या सुमारास शेंदूर वाळून तडकला, तेव्हा साबणाच्या कोमट पाण्यानं काढून टाकला. खाली स्वस्तिक होतंच! शेंदरी नव्हे, बाकीच्या बोनेटपेक्षा गडद, जवळजवळ काळं.

"जाळला ना रंग तुह्या शेंदरानं!" मी म्हणालो.

एकदा बोलून थांबलो असतो तर निभलं असतं. पण माझा स्वभाव तसा नाही. घरी कुणी आलं की चहाच्या आधी मी त्याला बोनेटजवळ नेऊन उभं करायचो आणि हा प्रताप कुणाचा, ते तिच्या देखत सांगायचो. पाहुणे हसायचे. तीही आधी हसली, मग हसेनाशी झाली आणि एक दिवस गाडीत बसायचंच तिनं सोडलं. आसेगावला माहेरी निघाली तेव्हा मी गाडी काढली, तर म्हणाली, "राहू द्या. तुमच्या शिटाले माह्या हातचा शेंदूर लागन." आणि एसटीनं गेली. गाडी मी तिला शेजारी बसवून फिरायला घेतली होती. तो डाग निघाला तर ती बसेल, एवढंच मला कळत होतं.

म्हणून वाशिमला गाड्यांच्या रंगाचं काम करणाऱ्या एका दुकानात गेलो. भिंतभर बाटल्या. प्रत्येकीवर आरशासारखी गाडी, आणि आत काय आहे ते मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. मी एक बाटली उघडून वास घेतला. दुकानदार चाळिशीचा, गोडबोल्या. गोडबोल्या माणसाचा मला आणखी संशय येतो.

"पॉलिश घासते काकाजी, वरचा थर जरासा काढते," तो सांगू लागला. "वॅक्स म्हंजे मेण. वरून बसते, पन आपल्या इकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत गेलं समजा. सीलंट जास्त टिकते. पन खाली जे असन, थेच झाकते."

"म्हंजे तेल-पानीच," मी म्हणालो.

"आधी गाडी तं पाहू द्या."

आता हा आणखी चार दोष काढणार, हे मी ओळखलं आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो. बोनेट धुऊन झाल्यावर त्यानं एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवली आणि हलकेच बोनेटवरून फिरवली. मग पिशवी मला दिली. "तुमीच पाहा."

डाळीची पारख मी आयुष्यभर बोटांनीच केली. पिशवीतून बोटं फिरवली तर सगळं बोनेट खरखरीत, रेती चिकटल्यासारखं. स्वस्तिकाच्या रेघांवर आलो, आणि हात घसरला. इतकं गुळगुळीत.

"हा डाग नोहोय, काकाजी. रंग हाच खरा. खराब बाकीचं झालं. बोरिंगचं पानी मारून फडक्यानं घासून राह्यले होते का?"

"रोज," मी म्हणालो.

"मंग थेच. पान्यातला खार बसत गेला, वरून फडकं घासत गेलं. शेंदराखाली जेवढा झाकला, तेवढाच कंपनीचा राह्यला."

लाज वाटायच्या आधी मला काय वाटलं, तेही सांगतो. बायको याला आधीच भेटून गेली की काय, असं वाटलं! मी पुन्हा बोटं फिरवली. तिसऱ्यांदाही फिरवली. मग मात्र कान तापले. त्यानं पॉलिश आणि सीलंट पुढे ठेवलं. आधी घासायचं, बोनेट एकसारखं झालं की झाकायचं. मी दोन्ही घेतलं. पिशवीही मागून घेतली.

घरी आल्यावर तिला अंगणात बोलावलं. काय झालं ते एका दमात सांगितलं, पिशवी तिच्या हातात चढवली. तिनं आधी कडेला हात फिरवला, मग आपल्याच रेघांवरून, सावकाश.  

"चुकलं माह्यं," मी म्हणालो आणि घाईघाईनं पॉलिशचं झाकण उघडायला लागलो. "आत्ता सारखं करून देतो."

"ठेवा थे खाली," ती म्हणाली. "बोनेट सगळ्यायले दाखवलं न तुमी? आता सगळ्यायले बोलवा. एकेकाच्या हातात पिशवी द्या, न् सांगा कोनं घासलं थे. मंग लावा काय लावाचं थे."

पिशवी काढून तिनं माझ्या हातात दिली.

"तवरक मी एसटीनंच जाईन."