झबल्याची शिवण

“माझी लेक माझ्यावर गेलीय, तोंडातून आवाज काढायची नाही बघ,” आई फोनवर मावशीला माझ्या होऊ घातलेल्या बाळंतपणाबद्दल सांगत होती. हातातल्या झबल्याची शिवण बाळाला टोचू नये म्हणून ती स्वतःच्या गालावर घासून बघत होती.

कळा कमी करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनचा फॉर्म चार दिवस माझ्या पर्समध्ये सहीविना तसाच होता. मला ते हवं होतं, म्हणूनच तिच्याकडे नीट बघवत नव्हतं. माझ्या जन्माच्या वेळी तिने सासूला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबला होता. बाळाला शिवणही टोचू न देणाऱ्या या बाईला तेव्हा कुणी काही विचारलं असेल का?

तिने फोन ठेवला.

“आई, मी इंजेक्शन घेणार आहे,” मी म्हणाले. “आणि तू तेव्हा ओरडली असतीस ना, तरी चाललं असतं गं.”